भाड्याच्या घरात ढेकूण झाले तर



जून-जुलै उजाडला की आपल्या भागातली मुलं-मुली बाहेर पडतात. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर इथून कुणी कलबुर्गीला, कुणी बीदरला, कुणी पुढे लातूर, सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला शिकायला नाहीतर नोकरीला जातात. दहा बाय बाराची खोली, त्यात तिघे-चौघे, आणि कोपऱ्यात आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेली एक खाट. त्याच खाटेत बऱ्याच वेळा आधीच्या भाडेकरूबरोबर न गेलेले आणखी काही जण राहत असतात. दिवाळीला मुलं बॅग घेऊन घरी येतात आणि संक्रांतीपर्यंत गावाकडच्या घरातही अंग खाजायला लागते.

ढेकणाबद्दल लिहायचे म्हटल्यावर काहींनी नाक मुरडले. मंडळाच्या संकेतस्थळावर हा काय विषय, असे म्हणणारेही भेटले. पण याच संकोचामुळे ढेकूण वाढतो. डास चावले तर आपण चारचौघांत सांगतो, उंदीर झाले तर शेजाऱ्याचा पिंजरा मागून आणतो. ढेकूण झाले तर मात्र तोंडातून शब्द निघत नाही. घर अस्वच्छ आहे असे लोक म्हणतील, पाहुणे येणार नाहीत, घरमालक खोली खाली करायला सांगेल, सोयरिकीच्या बोलणीत विषय निघेल, अशी भीती असते. मग माणूस रात्री गुपचूप काहीतरी फवारतो, खाट अंधारात जिन्याखाली नेऊन ठेवतो आणि महिनाभरात अख्ख्या इमारतीला ढेकूण होतात.

ढेकणाचा आणि घाणीचा संबंध नाही, हे आधी नीट समजून घेऊ. झुरळाला खरकटे लागते, माशीला उकिरडा लागतो. ढेकणाला फक्त रक्त लागते आणि लपायला एक फट लागते. रोज फरशी पुसणाऱ्या घरातही माणसाचे रक्त तेवढेच गोड असते. पसाऱ्याच्या घरात त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढाच काय तो फरक. तो उडत नाही, उडी मारत नाही. तो येतो आपल्याच सामानातून: एस.टी.च्या स्लीपरमधून, लॉजच्या गादीवरून, यात्रेच्या ठिकाणच्या धर्मशाळेतून, जुन्या बाजारातून घेतलेल्या पलंगातून. मध्यंतरी दक्षिण कन्नड जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाने खासगी बसमध्ये ढेकूण चावलेल्या एका प्रवासी बाईंना लाखावर रुपयांची भरपाई द्यायला लावली. म्हणजे भर प्रवासात, तिकीट काढून बसलेल्या माणसालाही ढेकूण भेटतो. त्यात त्या माणसाचा काय दोष?

आपल्याकडे हा प्राणी फार जुना आहे. संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. पंचतंत्रात एक गोष्ट आहे. राजाच्या पलंगावर मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण येतो, राजा झोपायच्या आधीच त्याला कडकडून चावतो आणि खाटेच्या फटीत पळून जातो. सेवक दिवे घेऊन चादर झटकतात, त्यांना सापडते ती बिचारी ऊ, आणि मरते ती. गोष्ट सांगणाऱ्याने ढेकणाचे निरीक्षण नीट केले होते असे मला वाटते. आजही आपण चादरी धुतो आणि ढेकूण खाटेच्या फटीत असतो. दुसरा एक सुभाषितकार गमतीने म्हणतो की लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या भीतीने. त्यातही तथ्य आहे. पाणी आणि कडाक्याची थंडी ही दोन्ही ढेकणाला रोखतात. पुढे त्याबद्दल येईलच.

ढेकूण ओळखायचा कसा

पूर्ण वाढलेला ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट आणि गडद होतो. पिल्लू खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, फिकट, जवळजवळ पारदर्शक असते. अंडी पांढरी, साधारण एक मिलिमीटर लांब, फटीत चिकटवलेली असतात. नुसत्या अंगावरच्या गांध्या पाहून ढेकूण आहेत असे ठरवू नका. डास, पिसवा, घामोळ्या, ॲलर्जी, सगळ्यांनी गांध्या येतात. शिवाय एकाच खाटेवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर लाल गांध्या उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच उठत नाही. चावले दोघांनाही असते. काहींना खूण उठायला दोन-चार दिवससुद्धा लागतात.

खरा पुरावा गादीवर मिळतो. गादीचे चारी काठ आणि शिवणी उलटून मोबाईलच्या उजेडात पाहा. शाईच्या पेनाचे टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले, ओल्या कापसाने पुसल्यावर ते तांबूस पसरले, तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. जवळपास पिवळट पोकळ साली दिसतील, त्या कातींच्या. खाटेच्या सांध्यात, प्लायच्या पट्ट्यांखाली, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात असेच पाहा. मग भिंतीकडे वळा: खिळ्यांची भोके, निखळलेला गिलावा, कॅलेंडर आणि देवाच्या तसबिरीच्या मागची बाजू, दाराची चौकट, स्विचबोर्डची पेटी. आपल्या भागातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशीचे कप्पे भिंतीत बसवलेले असतात. फरशी आणि भिंत यांच्यामधली ती बारीक फट तर ढेकणांना मुद्दाम बांधून दिल्यासारखी असते. बीदरकडच्या जांभ्या दगडाच्या भिंतीत छिद्रे किती, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

ढेकूण साधारण आठवड्यातून एकदा-दोनदा, बहुधा पहाटेच्या आधी बाहेर पडतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि परत जातो. बाकीचा सगळा वेळ तो फटीत काढतो. अंड्यातून पिल्लू सहा ते दहा दिवसांत निघते. त्यानंतर ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागते. उबदार हवेत दीड-दोन महिन्यांत अंड्याचा ढेकूण होतो. मादी रोज एक ते पाच अंडी घालते, आयुष्यभरात दोनशेपर्यंत. हे आकडे लक्षात ठेवा, कारण औषध एकदा मारून भागत का नाही याचे उत्तर यातच आहे.

आजाराची भीती मात्र मनातून काढून टाका. ढेकणामुळे माणसाला रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडच्या संशोधकांना काळा आजार ढेकूण पसरवतो असा दाट संशय होता. १९४२ मध्ये भारतातच प्रयोगाने सिद्ध झाले की तो पसरवते वाळूमाशी, आणि ढेकूण सुटला. पण झोप जाते, खाजवून जखमा चिघळतात, लहान मूल रात्रभर रडते, परीक्षेच्या दिवसांत मुलांची डोकी चालत नाहीत. घरात ढेकूण फार झाले आणि लहान मूल अशक्त असेल तर रक्तही कमी होऊ शकते. त्रास खरा आहे, जीवघेणा नाही. आपल्याकडे जीव गेले ते ढेकणाने नव्हे, ढेकणाच्या औषधाने.

हे करू नका

आपला मुलूख तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. तूर, ज्वारी, हरभरा साठवताना कीड लागू नये म्हणून घातल्या जाणाऱ्या राखाडी गोळ्या खेड्यातल्या किती घरांत असतात, ते आपल्याला माहीत आहे. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो वायू किडा, उंदीर, माणूस असा भेद करत नाही. बंद खोलीत गादीखाली दोन गोळ्या ठेवून दार लावले की झाले, असा सल्ला देणारे शहाणे गावोगाव आहेत. तो वायू भिंतीच्या फटीतून, छतावरून, खिडकीतून शेजारच्या खोलीत जातो, जिथे कुणी झोपलेले असते. त्यावर उतारा नाही. दवाखान्यात फक्त शरीराला आधार देता येतो. या गोळ्या सरसकट विकण्यावर कायद्याने निर्बंध आहेत आणि धुरी देण्याचे काम प्रशिक्षित, परवानाधारक लोकांनीच करायचे असते. राहत्या घरात त्या गोळ्या ढेकणांसाठी कधीही वापरू नका. इमारतीत दुसरे कुणी वापरते आहे असे कळले तर सगळ्यांना बाहेर काढा. मळमळ, उलटी, छातीत जड होणे, दम लागणे यांपैकी काहीही झाले तर मोकळ्या हवेत या आणि लगेच १०८ ला फोन करा. लिंबूपाणी, ताक पाजून वाट पाहत बसू नका.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूत जे घडले ते पुष्कळांनी वाचले असेल. भाडेकरू कुटुंब गावी गेले होते. त्या काळात घरमालकाने घरात ढेकणांसाठी औषध मारून घेतले. कुटुंब परत आले, घरात वावरले आणि आई-वडिलांसह आठ वर्षांची मुलगी आजारी पडली. मुलगी वाचली नाही. घरमालकाच्या मनात वाईट काही नव्हते, उलट त्याने घर साफ करून देण्यासाठीच हे केले असणार. औषध कोणते मारले, किती मारले, घर किती वेळ उघडे ठेवायचे, भांडी आणि पाणी झाकायचे की नाही, हे दोन पक्षांनी एकमेकांशी बोलायला हवे होते. ते बोलणे अशा वेळी जीव वाचवते.

शेतीची औषधेही घरात आणू नका. आमच्या पिढीला ‘नुवान’ हे नाव पाठ आहे. त्यातले डायक्लोरव्हॉस हे रसायन सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद केले आहे. तरी जुनी बाटली कुठल्यातरी माळ्यावर असते आणि ऐनवेळी ती निघते. कापसावर मारायचे औषध चार पट पाण्यात कालवून गादीवर शिंपडणे म्हणजे रात्रभर ते औषध हुंगत झोपणे. रॉकेलने समोरचा ढेकूण मरतो, पण कापसाची गादी रॉकेलने भिजवणे म्हणजे आगीला आमंत्रण. डांबराच्या गोळ्यांनी आणि कापराने ढेकूण मरत नाही, फार तर खोलीचा वास बदलतो. वेखंड, निंबाचा पाला यांचेही तसेच. श्रद्धा असेल तर ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

बाजारात मिळणारे फवारे मारले तर? पूर्वी मलेरियाच्या मोहिमेत घरोघरी डी.डी.टी. मारायला माणसे यायची, जुन्या लोकांना भिंतीवरचे पांढरे पट्टे आठवत असतील. सुरुवातीला ढेकूणही मेले. मग ते डी.डी.टी. पचवायला शिकले. डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या ढेकणांची नोंद १९४७ मध्येच हवाईतल्या नौदलाच्या बराकींत झाली होती. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांमध्ये जी पायरेथ्रॉइड जातीची रसायने असतात, त्यांनाही पुष्कळ ढेकूण आता दाद देत नाहीत. ज्यांच्यावर थेट थेंब पडला तेवढे मरतात, उरलेले बिथरून शेजारच्या खोलीत जातात. धूर सोडणारे डबे तर फटीत शिरतच नाहीत.

काय उपयोगी पडते

उष्णता. ढेकणाचा खरा वैरी तोच. पण इथे आपली एक गैरसमजूत आहे. कलबुर्गीचा मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीस, गादी गच्चीवर टाकली की ढेकूण भाजून निघणार, असे आपण धरून चालतो. ४५ अंशांना ढेकूण मरायला तास-दीड तास लागतो आणि अंडी कित्येक तास तग धरतात. ५० अंशांच्या पुढे मात्र अंडीसुद्धा फार टिकत नाहीत. गच्चीवरची गादी वरून तापते, खालून नाही. ढेकूण चालत चालत सावलीच्या बाजूला जातो आणि संध्याकाळी आपण त्याला सन्मानाने परत आत आणतो. म्हणून कपडे, चादरी, वाकळी, बॅगा यांसाठी ऊन वापरायचे तर उघड्यावर पसरून नव्हे. काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत थोडे थोडे, सैल भरून, तोंड घट्ट बांधून, एप्रिल-मेच्या भर उन्हात गच्चीच्या स्लॅबवर दिवसभर ठेवा. मधूनमधून उलटा. पिशवीच्या मध्यभागी हात घालून पाहा, तिथली घडी हाताला चटका देईल इतकी तापलेली हवी. जाड गादीच्या पोटात ऊन पोचत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

धुता येणारे सगळे कपडे कडक पाण्यात, म्हणजे साठ अंशांच्या पुढे, अर्धा तास भिजवून धुवा. हंड्यातले उकळते पाणी घातले तर चालते, रंग जाणाऱ्या साड्या तेवढ्या वेगळ्या काढा. गादीच्या शिवणींवर, पलंगाच्या गुंडाळीवर गरम इस्त्री हळूहळू फिरवा. लोखंडी खाट असेल तर काम सोपे: अंगणात नेऊन सांध्यांवर आणि पोकळ नळ्यांच्या तोंडांतून उकळते पाणी सोडा, वाळल्यावर नळ्यांची तोंडे एम-सीलने बुजवा. हॉस्टेल आणि पी.जी.मधल्या खाटांच्या नळ्यांत पूर्ण वसाहत असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीला नळी लावून वाफ मारण्याचे व्हिडिओ फिरतात, ते करून हात भाजून घेऊ नका. प्लायच्या पलंगावर, खरे सांगायचे तर, फारसा उपाय नाही. फारच पोखरलेला असेल तर मोडून टाकलेला बरा. टाकताना मात्र त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ असे लिहा किंवा तो तोडून टाका, म्हणजे दुसरा गरीब विद्यार्थी उचलून नेणार नाही.

कापसाच्या गादीसाठी आपल्याकडे एक चांगली सोय आजही आहे. पिंजारी, म्हणजे आपल्याकडे ज्यांना नदाफ म्हणतात ते, गादी उसवून कापूस पिंजून देतात. त्यांना आधी स्पष्ट सांगा की गादीत ढेकूण आहेत, कारण तोच कापूस ते दुसऱ्याच्या कापसाशेजारी ठेवणार. खोळ उकळत्या पाण्यात धुवा, कापूस दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरू द्या, मग भरा. फोमच्या गादीला हा मार्ग नाही. तिला चेन असलेली पूर्ण बंद खोळ घाला आणि ती निदान वर्षभर काढू नका. आत अडकलेले ढेकूण उपाशी मरतात, पण ते महिनोन्‌महिने तग धरतात. खोली चार-सहा आठवडे बंद ठेवून ढेकूण घालवता येत नाहीत, ते याचमुळे.

पुस्तके, बूट, मुलांची खेळणी अशा न धुता येणाऱ्या वस्तूंसाठी शंकराचा हिमालय, म्हणजे फ्रीजचा बर्फाचा कप्पा. पिशवीत घट्ट बांधून उणे अठरा अंशांना चार दिवस. घरच्या फ्रीजमध्ये जेवढे मावेल तेवढेच, आणि खाण्याच्या वस्तू आधी बाहेर काढून.

आता विष्णूचा क्षीरसागर. आजीच्या काळी खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. ती पद्धत चांगली आहे. आपल्याकडे जास्त सापडणारा ढेकूण उष्ण प्रदेशातला आहे आणि तो गुळगुळीत काचेवरसुद्धा चढू शकतो. म्हणून नुसती कोरडी वाटी पुरत नाही. पाण्यात साबणाचे चार थेंब टाका आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, नाहीतर ढेकूण घालवता घालवता डेंग्यूचे डास पाळाल. खाट भिंतीपासून वीतभर लांब घ्या, चादर किंवा मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका. हे सगळे झाल्यावर झोपायचे मात्र त्याच खाटेवर. कंटाळून दुसऱ्या खोलीत सतरंजी टाकली की ढेकूण श्वासाच्या आणि उबेच्या मागावर तिकडे येतात, आणि मग एका खोलीच्या दोन खोल्या होतात.

भिंतीच्या फटी पुट्टीने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत टिकाऊ उपाय. बुजवण्याआधी कडक ब्रशने खरवडा आणि खाली पडलेले सगळे साबणाच्या पाण्यात टाका. स्विचबोर्ड उघडायचा तर मेन बंद करून, आणि तिथे पाणी किंवा वाफ अजिबात नको.

एवढ्यानेही संपले नाहीत तर परवाना असलेला पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. त्याला परवाना दाखवायला सांगा, औषधाचे नाव बिलावर लिहून घ्या. किती तास बाहेर राहायचे ते विचारा. घरात लहान मूल, गरोदर बाई, दम्याचा माणूस, पोपट किंवा माशांची टाकी असेल तर आधी सांगा. भांडी, पिठाचे डबे, पाण्याचा माठ बाहेर काढा किंवा घट्ट झाका. आणि एक फेरी मारून ‘गॅरंटी’ देणाऱ्याला परत पाठवा. औषधाने अंडी बहुधा मरत नाहीत. सहा ते दहा दिवसांत नवी पिल्ले निघतात. ती वाढून पुन्हा अंडी घालण्याआधी, म्हणजे पहिल्या फेरीनंतर दहा ते चौदा दिवसांनी, दुसरी फेरी झालीच पाहिजे. तिसरीही लागू शकते. त्यानंतर सलग दोन महिने काळा ठिपका, कात किंवा ढेकूण दिसला नाही तर घर मोकळे झाले असे समजायला हरकत नाही.

घरमालक आणि भाडेकरू

ढेकूण दिसल्याच्या दिवशीच घरमालकाला सांगा. तोंडी सांगितल्यावर फोटोसह एक मेसेजही पाठवा, तारीख राहते. घरमालक कन्नडभाषक असेल तर एक वाक्य पुरे: ‘मनेयल्लि तिगणे आगिवे.’ तिगणे म्हणजे ढेकूण. तेलुगूत त्याला नल्ली म्हणतात, दखनीत खटमल. चारही भाषांत चावा तोच.

खर्च कुणी करायचा यावर वाद होतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये दोन गोष्टी भाडेकरूच्या कामाच्या आहेत. जागेच्या वापरात बाधा आणणारा जो मोठा दोष मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो मालकाने आधी सांगायला हवा. आणि जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती कळवूनही त्याने वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कलमात ढेकणाचे नाव नाही. त्यामुळे ‘कायद्याने तुम्हीच द्यायचे’ असे म्हणून भांडायला जाऊ नका, आणि बोलणी होण्याआधी भाडे परस्पर कापू नका. बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करार असतो. त्यात आधीच एक ओळ घालून घ्या: ताबा घेतल्यापासून पहिल्या महिन्यात ढेकूण आढळले तर खर्च मालकाचा, त्यानंतर निम्मा-निम्मा. ही वाटणी कायद्याची नाही, माझ्या मते व्यवहाराची आहे. ढेकूण नेमका कुणाच्या बॅगेतून आला हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, म्हणून ती दोघांनाही परवडते.

आपल्यातले बरेच सभासद स्वतः घरमालक आहेत, त्यांना दोन शब्द. भाडेकरूने ढेकूण आहेत असे सांगितले तर त्याला खोली सोडायला लावू नका. तो जाईल, ढेकूण राहतील, आणि पुढचा भाडेकरू येईपर्यंत खोली रिकामी पाहून ते भिंतीतून तुमच्याच घरात येतील. शिवाय ज्याने सांगितले त्यालाच काढले ही बातमी वाड्यात पसरली की दुसरा कुणी तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या खोल्या त्याच दिवशी तपासा, आणि औषध मारायचे तर सगळीकडे एकाच दिवशी मारा. एका खोलीत मारून शेजारी सोडले तर पैसे वाया गेले असे समजा. भाडेकरू गावी गेला असताना त्याला न विचारता औषध मारू नका. बेंगळुरूची गोष्ट वर सांगितलीच आहे. खोली बदलताना आधीच्या भाडेकरूची गादी तशीच पुढच्याला देऊ नका, आणि खाट देणार असाल तर ती उन्हात नेऊन दोघांनी मिळून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि ज्यांची मुलं बाहेर शिकतात त्यांनी दिवाळीला एवढे करा. मूल आल्यावर ओवाळून, जेवू घालून झाले की बॅग पलंगावर किंवा देवघराजवळ ठेवू नका. अंगणात किंवा गच्चीवर नेऊन उघडा, कपडे थेट गरम पाण्यात टाका, बॅगेच्या शिवणी आणि चाकांच्या खाचा पाहा, रिकामी बॅग काळ्या पिशवीत बांधून ठेवा. मुलाला आधी फोनवरच विचारा, ‘खोलीत ढेकूण आहेत का रे?’ सहज विचारा, भाजीत मीठ आहे का विचारावे तसे. आहेत म्हणाला तर रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि ढेकूण तर येणारच. परत जाताना त्याच्याबरोबर शेव-चिवड्याच्या डब्यासोबत चेनची गादीची खोळ, दोन काळ्या पिशव्या आणि एक कडक ब्रश द्या.

कुणाला आपल्या खोलीचा किंवा वाड्याचा प्रश्न विचारायचा असेल तर मंडळाच्या मासिक बैठकीत विचारा. चारचौघांत बोलायला जड वाटत असेल तर बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारलेत तरी चालेल.